यकृताचा कर्करोग : उपचारविचाराचा ऐतिहासिक आढावा

मराठी माणूस 'काळीज फाटले' म्हणतो तेव्हा त्याचा हात छातीकडे जातो. परंतु मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की कसाई यकृतच तोलून देतो. उर्दू शायर 'जिगर' म्हणतो तेव्हा त्याला धैर्य, प्रेम आणि वेदना असे सर्वच अभिप्रेत असते. शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले तर फारसीतील 'जिगर' आणि संस्कृतमधील 'यकृत' हे एकाच प्राचीन मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. दुसरा शब्द रोगाच्या नावाचा. अरबी व उर्दूत कर्करोगाला 'सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा, आणि मराठीतील 'कर्क' म्हणजेही खेकडाच. गाठीच्या भोवती पसरलेल्या फुगीर शिरा पाहून ग्रीक वैद्यांनी या रोगास खेकड्याची उपमा दिली. तीच उपमा बगदादमार्गे उर्दूत आणि युरोपमार्गे आधुनिक मराठीत आली.

सदर लेखात प्रौढ व्यक्तींना होणाऱ्या यकृतपेशींच्या मूळ कर्करोगावरील उपचारांचा विचार कसकसा बदलत गेला, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. शरीराच्या अन्य भागातून यकृतात पसरलेला कर्करोग हा वेगळा विषय असून तो येथे घेतलेला नाही. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे एखाद्या रुग्णाचा उपचार या लेखावरून ठरवू नये, एवढे सुरुवातीसच नमूद करणे आवश्यक वाटते.

जहरावीचा प्रांजळपणा

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गालेन याच्या मते अन्नाचे रक्त यकृतात तयार होते. अरबी ग्रंथांतून 'जालीनूस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वैद्याचे मत इब्न सीना (मृत्यू इ. स. १०३७) यानेही स्वीकारले. त्याच्या 'अल्-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मस्तकापासून खाली एकेका अवयवाचे रोग दिले असून त्यात यकृताच्या सूज व काठिण्याची चर्चा आहे. यकृताचे हे स्थान १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध करीपर्यंत फारसे ढळले नाही.

अंदलूसमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अल्-जहरावी याने 'अल्-तसरीफ' हा तीस प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यातील शस्त्रक्रियेवरील प्रकरण युरोपात पुढे कित्येक शतके शिकवले जात होते. कर्करोगाविषयी लिहिताना मात्र तो स्पष्ट सांगतो की, गाठ जुनी व मोठी झाली असेल तर वैद्याने तिच्या जवळ जाऊ नये. आपण स्वतः असा एकही रुग्ण बरा करू शकलो नाही आणि बरा करणारा वैद्यही पाहिला नाही. हल्ली संमेलनांतून पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते, असे ऐकावयास मिळते. प्रस्तुत लेखकास जहरावीची ही कबुली अशा सर्व दाव्यांपेक्षा अधिक मोलाची वाटते. कोणावर शस्त्र चालवू नये, हा प्रश्न त्याने हजार वर्षांपूर्वी मांडला; पुढे आपण पाहणार आहोत की, यकृताच्या कर्करोगाचा आधुनिक उपचारही बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरतो.

शस्त्र आणि रक्त

यकृत म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. टाका घालावा तर दोरा ऊतीतून कापत जातो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शल्यविशारद यकृतापासून दूरच राहिले. इ. स. १८८८ मध्ये जर्मनीतील कार्ल लांगेनबुख याने यकृताचा एक भाग ठरवून कापला आणि रुग्ण जगला. ग्लासगोच्या प्रिंगलने १९०८ मध्ये यकृताकडे येणारा रक्तप्रवाह मुळाशीच दाबून धरण्याची युक्ती सांगितली. शल्यविशारद आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात.

यापुढील महत्त्वाचे काम पॅरिस वा लंडनमध्ये नव्हे, तर फ्रेंच वसाहतीतील हनोई येथे झाले. तोन थात तुंग या तरुण व्हिएतनामी डॉक्टरने शवविच्छेदनात मिळालेली दोनशेहून अधिक यकृते साध्या हत्याराने खरवडून त्यांतील शिरांची रचना अभ्यासली व १९३९ च्या सुमारास ती मांडली. शिरा आधी बांधून मग यकृत कापण्याची पद्धत त्याने विकसित केली. १९५२ मध्ये पॅरिसच्या लोर्ता-जाकोबने यकृताचा संपूर्ण उजवा भाग शास्त्रशुद्ध रीतीने काढला, तर क्लोद क्विनोने १९५७ मध्ये यकृताचे आठ विभाग निश्चित केले. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील स्कॅनच्या अहवालात 'सेगमेंट सहा' किंवा 'सेगमेंट आठ' असे जे लिहिलेले असते, ती विभागणी क्विनोची. गुलामगिरीतील देशाच्या एका डॉक्टरने केलेली पायाभरणी मात्र पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपते.

शस्त्रक्रिया जमू लागली, तेव्हा खरी अडचण पुढे आली. गाठ निघे, रुग्ण टेबलावरून जिवंत परते, आणि काही दिवसांनी कावीळ, पोटात पाणी व बेशुद्धी यांनी दगावे. कारण यकृताचा कर्करोग बहुधा निरोगी यकृतात होत नाही. वर्षानुवर्षांच्या जखमांनी कडक झालेल्या, म्हणजे सिरॉसिस झालेल्या यकृतात तो उगवतो. रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात, आणि एकावरचा उपचार दुसऱ्याला मारक ठरू शकतो. उरलेल्या यकृतात किती दम आहे, हे मोजणे त्यामुळे गाठ मोजण्याइतकेच महत्त्वाचे ठरले. चाइल्ड व टर्कोट यांनी १९६४ मध्ये आणि लंडनच्या प्यू याने १९७३ मध्ये यासाठी गुणपत्रिका तयार केली. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम अशा पाच गोष्टींवरून रुग्णाची अ, ब, क अशी वर्गवारी होते. ही गुणपत्रिका कर्करोगासाठी केलेलीच नव्हती. सिरॉसिसमुळे अन्ननलिकेतील शिरा फुटलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरवण्यासाठी ती होती.

कारणाचा शोध : तैपेई, पंचमहाल, हैदराबाद

बारूक ब्लुम्बर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात अपरिचित प्रथिन आढळले. ते हिपॅटायटिस बी विषाणूचे आवरण निघाले आणि या कामास १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा कर्करोगाशी संबंध असावा, असा तर्क होता. पुरावा तैवानमधून आला. पामर बीस्ली यांनी तेथील २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत २२३ पट होता. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेही इतके घट्ट नाही.

तैवानने जुलै १९८४ पासून बाधित मातांच्या नवजात अर्भकांना लस देण्यास प्रारंभ केला आणि १९८६ मध्ये ती सर्वच नवजातांना लागू केली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात दर लाखामागे ०.७० होते, ते १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आले. लसीने कर्करोग टळल्याचा हा पहिला मोठा लोकसंख्यात्मक पुरावा होय.

दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. पुढे १९७४ च्या पावसाळ्याअखेर गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी गावांत कावीळ व जलोदराची साथ आली. ३९७ जण आजारी पडून त्यांतील १०६ दगावले. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका लोक खात होते, कारण दुसरे धान्य घरात नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी या साथीचा तपास केला. पंचमहाल हा वडोदऱ्याला लागून असलेला भाग. हे विष एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर यकृत निकामी होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर कर्करोग होतो, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर धोका कितीतरी वाढतो. दाणे नीट वाळवून कोरड्या जागी ठेवणे, ही या बाबतीत औषधापेक्षाही जुनी आणि स्वस्त गोष्ट आहे.

तिसरे नाव हैदराबादचेच. आयात केलेली हिपॅटायटिस बी लस १९९० च्या दशकात सामान्य कुटुंबास परवडण्यासारखी नव्हती. के. आय. वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स स्थापन केली. देशातील बँका जोखीम घेण्यास तयार नसताना ओमानचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री यूसुफ बिन अलवी यांनी भांडवल पुरवले. १९९७ मध्ये 'शानव्हॅक-बी' ही भारतात जनुकीय तंत्राने बनलेली पहिली हिपॅटायटिस बी लस बाजारात आली आणि लसीचे भाव झपाट्याने उतरले. सरकारी लसीकरणात मात्र ती यावयास वेळ लागला. २००२-०३ मध्ये निवडक शहरे व जिल्हे, आणि २०११ मध्ये संपूर्ण देश. तैवाननंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी! आज तिशी-चाळिशीत असलेल्या भारतीयांपैकी बहुसंख्यांना जन्मतः ही लस मिळालेली नाही, याचा अर्थ या पिढीच्या तपासणीला पर्याय नाही.

हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यावर लस नाही. परंतु २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या सोफोस्बुविरपासून तो गोळ्यांनी बरा होऊ लागला. अमेरिकेत बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत ८४,००० डॉलर लावण्यात आली होती. भारतीय कंपन्यांनी परवान्याखाली तेच औषध त्याच्या अत्यल्प किमतीत दिले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सी या दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत देण्याची तरतूद आहे. हे विषाणू दूषित सुई, न तपासलेले रक्त आणि न्हाव्याचा एकच वस्तरा यांतून पसरतात. हज यात्रेत मिना येथे लाखो यात्रेकरू एकाच वेळी मुंडण करतात, म्हणूनच सौदी आरोग्य खाते परवानाधारक न्हावी व एकदाच वापरावयाचे पाते यांचा आग्रह धरते. आपल्या गावातील खतन्याच्या वेळीही हाच नियम पाळला पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

मिलानची मोजपट्टी

अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले. ते तीन वर्षांचे मूल शस्त्रक्रियेतच रक्तस्रावाने गेले. १९६७ मध्ये प्रथमच एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली. तिला यकृताचा कर्करोग होता, आणि शेवटी तो परत उद्भवूनच तिचा मृत्यू झाला. पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास जणू या एका रुग्णात साठलेला आहे. सायक्लोस्पोरिनमुळे १९८० च्या दशकात नवे यकृत शरीरात टिकू लागले. परंतु मोठ्या गाठी असलेल्यांमध्ये कर्करोग परतत राहिला. दात्याचे दुर्मीळ यकृत अशा रुग्णास द्यावे काय, असा नैतिक प्रश्न उभा राहिला.

त्याला उत्तर मिळाले ते इटलीतून. विन्चेन्झो माझ्झाफेरो यांनी मिलान येथील ४८ रुग्णांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. गाठ एकच व पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन व प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत. रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही. या अटींत बसणाऱ्यांना प्रत्यारोपण केल्यावर चार वर्षांनी ७५ टक्के हयात होते. शस्त्रक्रियेचे तंत्र तेच, औषधे तीच. बदलली ती फक्त रुग्णाची निवड. जहरावीच्या प्रश्नास सेंटिमीटरमध्ये मिळालेले हे उत्तर आहे.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. त्यात पित्याने आपल्या मुलास यकृताचा भाग दिला. मृत व्यक्तीचे अवयवदान आपल्याकडे अल्प असल्याने आजही बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातलगाच्या दानावरच होतात. त्यामुळे निवडीचा प्रश्न येथे दुहेरी होतो, कारण निरोगी दात्याच्या जिवालाही धोका असतो.

ओसाका आणि बार्सिलोना

ज्यांचे यकृत कापता येत नाही आणि बदलताही येत नाही, त्यांचे काय? निरोगी यकृतास बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. कर्करोगाची गाठ मात्र प्रामुख्याने धमनीवर पोसते. याचा फायदा घेऊन ओसाकाचे यामाडा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडीतून बारीक नळी धमनीत नेऊन औषध सोडण्याची व गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत रूढ केली. तिचा जीवनमानास खरोखर लाभ होतो की नाही, यावर वीस वर्षे वाद चालला. २००२ मध्ये बार्सिलोना व हाँगकाँग येथील चाचण्यांनी निवडक रुग्णांत लाभ सिद्ध केला. लहान गाठीत सुईने अल्कोहोल सोडणे ही जपान व इटलीतील १९८० च्या दशकातील पद्धत. १९९० च्या दशकापासून तिची जागा गाठ उष्णतेने जाळणाऱ्या सुईने घेतली.

उपचार वाढले तसा गोंधळही वाढला. १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या होसेप ल्योवेट, ब्रु व ब्रुइक्स यांनी गाठीची व्याप्ती, यकृताची शक्ती आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र घेऊन टप्पे पाडले व प्रत्येक टप्प्यास उपचार जोडून दिला. अगदी लहान गाठीसाठी कापणे वा जाळणे. मिलानच्या अटींत बसणाऱ्या पण यकृत खचलेल्या रुग्णासाठी प्रत्यारोपण. यकृतापुरत्या अनेक गाठींसाठी धमनीमार्गे उपचार. रक्तवाहिनीत वा बाहेर पसरलेल्यासाठी औषधे. आणि यकृत पूर्ण खचलेल्या, प्रत्यारोपण अशक्य असलेल्या रुग्णासाठी केवळ वेदनाशमन. ही पद्धत वेळोवेळी सुधारली गेली आहे आणि पूर्व आशियातील तज्ज्ञ शस्त्रक्रियेबाबत तिच्यापेक्षा अधिक धाडसी आहेत. तरी जगभरातील मार्गदर्शक सूचनांचा सांगाडा हाच आहे.

२,८०,४२८ आणि ८,८८०

पसरलेल्या रोगावर २००७ पर्यंत कोणतेही औषध आयुष्य वाढवीत असल्याचे सिद्ध झाले नव्हते. सोराफेनिबच्या ६०२ रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १०.७ महिने, तर न घेणाऱ्यांचे ७.९ महिने आढळले. लाभ तीन महिन्यांहून कमी. परंतु या आजारात तोही पहिलाच होता.

भारतात बायर कंपनीच्या या औषधाची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपये होती. हैदराबादच्या नॅट्को कंपनीने पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. जनतेची गरज भागलेली नाही, किंमत परवडण्याजोगी नाही आणि पेटंटचा भारतात वापर झालेला नाही, अशी तीन कारणे त्यांनी नोंदवली. नॅट्कोने औषध महिन्याला ८,८८० रुपयांत द्यावे, बायरला ६ टक्के स्वामित्वधन द्यावे आणि वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना ते विनामूल्य पुरवावे, असा आदेश होता. अपिलात स्वामित्वधन ७ टक्के झाले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीनेही २०१२ मध्येच आपल्या सोराफेनिबची किंमत मोठ्या प्रमाणात उतरवली.

या प्रकरणाकडे केवळ विजय म्हणून पाहणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी लाभासाठी जमीन विकणारी कुटुंबे आपल्या समाजात आहेत. औषध स्वस्त झाल्याने निदान तेवढे तरी टळले; परंतु डॉक्टरांनी 'सरासरी तीन महिने' हे आकडे कुटुंबास साध्या भाषेत सांगितले पाहिजेत, ही गरज किमतीने संपत नाही. येथे भाषेच्या अध्यापकालाही बोलण्याचा थोडा अधिकार आहे.

सद्यःस्थिती

२०२० मध्ये अटेझोलिझुमॅब व बेव्हासिझुमॅब या जोडीने सोराफेनिबला मागे टाकले. नंतरच्या विश्लेषणात मध्यम आयुष्य १९.२ विरुद्ध १३.४ महिने दिसले. २०२२ मध्ये ट्रेमेलिमुमॅब व ड्युर्व्हालुमॅब ही दुसरी जोडी अमेरिकेत मान्य झाली. पहिल्या जोडीपूर्वी दुर्बिणीने अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा तपासून त्यांवर उपचार करावा लागतो, अन्यथा रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणजे पुन्हा तेच, गाठीइतकाच सिरॉसिसचा विचार. ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीस जागे करतात, म्हणून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात ती नवे यकृतच नाकारू शकतात.

निदानातही मोठा बदल झाला आहे. सिरॉसिसच्या रुग्णात रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी वा एमआरआयमध्ये गाठ आधी चमकली व नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडली, तर बहुधा सुईने तुकडा काढण्याची गरज राहत नाही. सिरॉसिस असलेल्यांनी आणि हिपॅटायटिस बी मुळे अधिक धोक्यात असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, ही आज सर्वमान्य शिफारस आहे. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा तपासणीने मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे मात्र पोट फुगेपर्यंत किंवा डोळे पिवळे होईपर्यंत कोणी जात नाही, आणि गेले तरी आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे. त्यात गेलेले दोन-तीन महिने रुग्णाला बार्सिलोनाच्या पहिल्या टप्प्यातून शेवटच्या टप्प्यात नेण्यास पुरेसे ठरू शकतात. मद्य न घेणाऱ्या, पण मधुमेह व स्थूलता असलेल्या व्यक्तींतही आता चरबीयुक्त यकृतातून हा रोग उद्भवू लागला आहे. आपण दारू पीत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या घरांनी याची नोंद घेणे इष्ट.

शेवटच्या टप्प्यातील रुग्णाकडे वळू. त्याला औषधांच्या नव्या जोड्यांचा लाभ नाही. पण पोटातील पाणी काढणे, खाज, मळमळ, भ्रम व वेदना यांवर पुष्कळ करता येते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयांना अनेक परवाने लागत आणि बहुतेक ठिकाणी ते ठेवलेच जात नसे. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सोपी केली. यकृत खचलेल्या रुग्णात मॉर्फिनची मात्रा कमी व अंतर जास्त ठेवावे लागते आणि सोबत बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून औषध द्यावे लागते, कारण साचलेल्या मळातून तयार होणारे अमोनिया त्याचा मेंदू गढूळ करते. तालुक्याच्या रुग्णालयातही हे करता येण्यासारखे आहे.